कवटी कुणाची होती?



मागच्या व्याख्यानात आपण विज्ञानाची वस्तुनिष्ठता म्हणजे काय, ते पाहत होतो. शेवटी प्रश्नोत्तरांत एक प्रश्न आला आणि वेळ संपल्यामुळे राहून गेला. प्रश्न असा, की एखादं ज्ञान वाईट माणसाने, वाईट मार्गाने मिळवलेलं असेल, तर ते टाकून द्यायचं की वापरायचं? तेव्हा आम्ही म्हटलं होतं, की याचं उत्तर दोन मिनिटांत देण्यासारखं नाही. आज तासभर हाताशी आहे. पूर्ण उत्तर आजही मिळेलच असं नाही, पण प्रश्न नीट मांडता आला तरी पुष्कळ झालं.

सुरुवात आपल्या घरातल्या माणसापासून करू. इरावती कर्वे. 'युगान्त' माहीत नाही असा श्रोता इथे विरळाच असेल. महर्षी कर्व्यांची सून, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातल्या मानववंशशास्त्राच्या प्राध्यापक. या बाई १९२८ साली डॉक्टरेटसाठी बर्लिनला गेल्या. जिथे त्यांनी काम केलं त्या संस्थेचं नाव लांबलचक आहे: 'मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजाजननशास्त्र यांची कैसर विल्हेल्म संस्था'. १९२७ साली स्थापन झालेली, बर्लिनच्या डालेम भागात, इनेस्ट्रासे रस्त्यावर २२ नंबरच्या इमारतीत. संचालक होते ऑयगेन फिशर. त्यांनी इरावतीबाईंना विषय दिला तो मानवी कवटीच्या डाव्याउजव्या बाजूंमधल्या असमानतेचा. त्यामागची कल्पना साधारण अशी, की गोऱ्या युरोपीय माणसाच्या मेंदूचा पुढचा उजवा भाग जास्त वाढलेला असणार, म्हणून त्याची कवटी एका बाजूने वेगळी असणार, आणि हीच त्याच्या श्रेष्ठ तर्कबुद्धीची खूण. इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष काढला, की कवटीच्या दोन बाजू सारख्या नसतात हे खरं, पण त्या असमानतेचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

आम्ही ही हकिकत पहिल्यांदा ऐकली तेव्हा छाती फुगली, हे कबूल करतो. पंचविशीतली एक मराठी मुलगी, परक्या देशात, परक्या भाषेत, आपल्याच मार्गदर्शकाच्या लाडक्या सिद्धान्ताला मोजमापांनी नाही म्हणते. याहून चांगली गोष्ट विद्यार्थ्यांना सांगायला कुठली मिळणार?

पण मग एक दिवस प्रश्न पडला. त्या १४९ कवट्या कुणाच्या होत्या? त्या बर्लिनला आल्या कशा?

त्यातल्या काही आफ्रिकेतल्या जर्मन वसाहतीतून, जर्मन पूर्व आफ्रिकेतून आल्या होत्या. तो आजचा टांझानिया, रवांडा, बुरुंडी हा भाग. वसाहतींचे अधिकारी, लष्करी डॉक्टर, मिशनरी कवट्या गोळा करून बर्लिनला पाठवत. कबरी उकरून काढलेल्या, बंडात मारलेल्यांच्या, फासावर दिलेल्यांच्या. मेलेल्या माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना कुणी विचारलं असेल हा प्रश्नच उद्भवत नव्हता. म्हणजे वंशवादाला खोटं पाडणारा हा पुरावासुद्धा लुटीच्या मालावर उभा होता. निष्कर्ष आपल्या बाजूचा आहे म्हणून कवटी कमी चोरलेली ठरते का? आजच्या सगळ्या बोलण्याचं मूळ या एका प्रश्नात आहे. तो डोक्यात ठेवा, आपण त्याच्याकडे परत येऊ.

आता थोडी पार्श्वभूमी. 'युजेनिक्स' हा शब्द फ्रान्सिस गाल्टन या इंग्रज विद्वानाने १८८३ साली बनवला. चार्ल्स डार्विनचा हा आतेमामे नात्यातला भाऊ. आपल्याकडे त्याला सुप्रजाजननशास्त्र म्हणू लागले. कल्पना ऐकायला साधी आहे. शेतकरी चांगलं बियाणं निवडतो, गवळी चांगला वळू निवडतो, मग माणसांत ही निवड का नको? ज्यांची संतती 'चांगली' त्यांना जास्त मुलं होऊ द्यावीत, ज्यांची 'वाईट' त्यांना होऊ देऊ नयेत. जर्मनीत आल्फ्रेड प्लोएट्झ या डॉक्टराने १८९५ साली याला 'वंशआरोग्य' असं नाव दिलं. नाव पाहा किती निरुपद्रवी आहे. आरोग्य कुणाला नको असतं? पण रोगी कोण, हे त्या नावातच ठरून गेलं. रोगी म्हणजे समोर बसलेला, दुखतंय म्हणणारा माणूस नव्हे. रोगी म्हणजे अख्खा वंश, आणि समोर बसलेला माणूस हा फार तर त्या वंशाचा आजार. डॉक्टर कुणासाठी काम करतो हेच इथे बदललं. आमच्या मते पुढच्या साऱ्या अनर्थाचा उगम छळछावण्यांत नाही, या बदलात आहे.

फिशर यांच्याकडे येऊ. शिक्षणाने डॉक्टर, शरीररचनाशास्त्रज्ञ. १९०८ साली ते जर्मन नैर्ऋत्य आफ्रिकेत गेले, म्हणजे आजच्या नामिबियात. त्या आधीच्या चार वर्षांत तिथे काय झालं होतं, तर हेरेरो आणि नामा या लोकांचा जर्मन सैन्याने जवळजवळ निर्वंश केला होता. उरलेल्यांना छावण्यांत कोंडलं होतं. तिथे कैदी बायकांना मेलेल्यांची मुंडकी उकळून, काचेच्या तुकड्यांनी मांस खरवडून कवट्या साफ करायला लावत, आणि त्या कवट्या जर्मनीतल्या विद्यापीठांना जात. हे सांगताना आम्हाला बरं वाटत नाही, पण न सांगता पुढे जाता येत नाही. यातल्या वीस कवट्या बर्लिनच्या शारिटे रुग्णालयाने २०११ साली नामिबियाला परत केल्या. शंभर वर्षांनी.

फिशर यांनी रेहोबोथ या गावी तिथल्या मिश्र लोकांचा अभ्यास केला. डच, बोअर पुरुष आणि स्थानिक खोईखोई स्त्रिया यांचे हे वंशज. त्यांची उंची, नाक, केस, डोळे सगळं मोजलं. १९१३ साली जाडजूड ग्रंथ आला. गंमत बघा, त्यांना जे लोक दिसले ते धडधाकट होते, मुलाबाळांनी भरलेले होते. मिश्रणाने माणूस खंगतो ही कल्पना त्यांच्याच मोजमापांनी टिकत नव्हती. तरीही निष्कर्ष असा, की हे लोक गोऱ्यांच्या बरोबरीचे नाहीत, त्यांना आपल्याला उपयोग आहे तोवरच सांभाळावं आणि मिश्र विवाह होऊ देऊ नयेत. नाकाच्या मापातून हे कसं निघालं? निघालं नाहीच. डेव्हिड ह्यूमने अठराव्या शतकात सांगून ठेवलंय, की 'आहे' या विधानातून 'असावं' हे विधान तर्काने निघत नाही. मधे कुठेतरी कुणीतरी हळूच एक मूल्य सरकवलेलं असतं. फिशर यांच्या पुस्तकात कोष्टकं सगळी 'आहे'ची आहेत आणि शेवटचं पान 'असावं'चं.

यावर पुष्कळ लोक चटकन म्हणतात, 'अहो, ते विज्ञान नव्हतंच, ते छद्मविज्ञान होतं.' आम्हाला हा शब्द फार सोयीचा वाटतो, म्हणून त्याची थोडी भीती वाटते. छद्मविज्ञान म्हटलं की खरं विज्ञान सुटलं, आपण सुटलो, डॉक्टर सुटले. पण त्या काळात उभे राहून पाहा. ही संस्था कैसर विल्हेल्म संस्थासमूहाची होती. आइन्स्टाइन ज्या भौतिकशास्त्राच्या संस्थेचे संचालक होते ती याच समूहातली. डालेमच्या संस्थेतल्या संशोधनाला अमेरिकेतल्या रॉकफेलर फाउंडेशनचा पैसा मिळत होता. नियतकालिकं होती, परिषदा होत्या, सांख्यिकी होती. गाल्टनच्या परंपरेत वाढलेल्या कार्ल पिअर्सन आणि रोनाल्ड फिशर यांची सूत्रं (हे फिशर वेगळे बरं का, इंग्लंडचे) आजही आमचे नातू कॉलेजात शिकतात, आणि ती सूत्रं बरोबर आहेत. जबरदस्तीने निर्बीजीकरण करण्याचा कायदा प्रथम जर्मनीत झाला नाही, १९०७ साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात झाला. १९२७ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने व्हर्जिनियाचा तसाच कायदा उचलून धरला. स्वीडनसारख्या सुशिक्षित, लोकशाहीवादी देशात असा कायदा १९३४ पासून चाळीसेक वर्षं चालू होता. एवढ्या सगळ्यांना वेडे ठरवून आपल्याला मोकळं होता येणार नाही.

आणि आपणही फार लांब नव्हतो. विसाच्या दशकाच्या अखेरीस ना. सी. फडके यांनी भारतात सुप्रजाजननाची चळवळ व्हावी म्हणून एक इंग्रजी पुस्तक लिहिलं, त्याला मार्गारेट सँगर यांची प्रस्तावना आहे. फडके म्हटलं की आपल्याला कादंबऱ्या आठवतात. पण ते होते तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, म्हणजे आमच्याच विषयातले. तेव्हा हा दोष फक्त डॉक्टरांचा म्हणून आम्हाला हात झटकता येत नाहीत. जातिव्यवस्था म्हणजे आपल्या पूर्वजांचं सुप्रजाजननशास्त्रच, असं म्हणणारेही तेव्हा होते. त्यांना उत्तर दिलं डॉ. आंबेडकरांनी, १९३६ साली, 'जातिनिर्मूलना'च्या त्या न झालेल्या भाषणात. पंजाबातला ब्राह्मण आणि पंजाबातला चांभार वंशाने वेगळे नाहीत, हे त्यांनी मांडलं. मग विचारलं, की ही व्यवस्था उत्तम प्रजेसाठी असेल तर जातीच्या आत कुणी कुणाशी लग्न करावं याची निवड ती का करत नाही? पोटजाती कशासाठी? आणि एका पंगतीला बसून जेवल्याने रक्तात काय फरक पडतो? हा शेवटचा प्रश्न म्हणजे तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवावा असा आहे. समोरच्याचं गृहीतक घ्यायचं आणि त्याच्याच पायाने त्याला चालवत नेऊन खड्ड्यापाशी उभं करायचं.

परत बर्लिनला. जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. त्याच वर्षी फिशर बर्लिन विद्यापीठाचे रेक्टर म्हणजे कुलगुरू झाले. जुलैमध्ये 'आनुवंशिक रोगग्रस्त संतती प्रतिबंधक कायदा' झाला. मतिमंदत्व, स्किझोफ्रेनिया, फेफरं, जन्मजात अंधत्व, बहिरेपण, अगदी दारूचं व्यसनसुद्धा त्या यादीत होतं. निर्णय द्यायला खास न्यायालयं, त्यात एक न्यायाधीश आणि दोन डॉक्टर. बहुमत कुणाचं ते लक्षात घ्या. सुमारे चार लाख माणसांचं निर्बीजीकरण झालं. १९३७ साली ऱ्हाइनलंडमधल्या काही शे मिश्रवंशीय मुलांचं निर्बीजीकरण झालं, ते तर या कायद्यातही बसत नव्हतं, गुपचूप केलं गेलं. त्यांचे वडील पहिल्या महायुद्धानंतर तिथे आलेले फ्रेंच सैन्यातले आफ्रिकी, आशियाई शिपाई. मुलं 'तशी'च आहेत असे वैज्ञानिक दाखले देणाऱ्यांत डालेमच्या संस्थेची माणसं होती. रेहोबोथच्या पुस्तकापासून इथवर यायला चोवीस वर्षं लागली.

फिशर १९४२ मध्ये निवृत्त झाले. जागी आले ओटमार फॉन फेर्शुअर, जुळ्यांच्या अभ्यासातलं मोठं नाव. त्यांचा एक जुना सहायक होता, योझेफ मेंगेले. तो आउशवित्झला गेला आणि तिथून डालेमला नमुने येऊ लागले. 'नमुने' हा प्रयोगशाळेतला शब्द. त्यात मारलेल्या माणसांचे डोळेही होते.

युद्धानंतर काय झालं? न्यूरेंबर्गला १९४६-४७ मध्ये तेवीस जणांवर डॉक्टरांचा खटला चालला, सात जणांना फाशी झाली, आणि संमतीशिवाय माणसावर प्रयोग नाही हे सांगणारी दहा कलमी संहिता आली. फेर्शुअर त्या तेवीसांत नव्हते. त्यांना 'नुसते बरोबर चाललेले' ठरवून ६०० मार्कांचा दंड झाला. १९५१ साली ते म्युन्स्टरला मानवी आनुवंशिकीचे प्राध्यापक झाले. फिशर यांना १९५२ साली जर्मन मानववंशशास्त्र परिषदेने सन्माननीय सदस्य केलं. म्हातारपणी, अंथरुणात वारले.

आता मूळ प्रश्न हातात घेऊ. आमच्या विषयात याचं एक ठरलेलं उत्तर आहे. हान्स राइशेनबाख या तत्त्वज्ञाने १९३८ साली फरक सांगितला, की एखादी गोष्ट सापडली कशी हा एक प्रश्न आणि ती खरी ठरते कशी हा दुसरा. शोधाची कथा काहीही असो, खरेपणा पुराव्यावर ठरतो. आम्ही हा भेद वर्षानुवर्षं शिकवला. पण राइशेनबाख कोण होते ते वर्गात सांगायचं आमच्याकडून बहुतेक वेळा राहून गेलं. ते बर्लिन विद्यापीठात शिकवत होते. १९३३ मध्ये ज्यू वंशाचे म्हणून त्यांना काढलं, ते इस्तंबूलला गेले, आणि तिथे असताना हे पुस्तक आलं. ज्या विद्यापीठाने त्यांना उगमावरून बाहेर काढलं त्याच विद्यापीठाचे त्या वर्षीचे रेक्टर फिशर. उगमाने खरेपणा ठरत नाही, हे वाक्य असल्या माणसाने लिहिलंय म्हटल्यावर ते कोरडं राहत नाही.

तर भेद बरोबरच आहे. इरावतीबाईंचा निष्कर्ष कवट्या चोरीच्या होत्या म्हणून खोटा ठरत नाही. पण हा भेद विधानांपुरता आहे. विधान खरं किंवा खोटं असतं. ते वापरणं ही कृती असते, आणि कृतीला आणखी हिशेब द्यावे लागतात. हे नीट कळायला एक पुस्तक पाहू.

व्हिएन्नाचे शरीररचनाशास्त्रज्ञ एडुआर्ड पेर्नकोफ यांनी मानवी शरीराचा एक अ‍ॅटलस तयार केला. पहिला खंड १९३७ चा. जलरंगातली शेकडो चित्रं, एकेक नस, एकेक धमनी अशी, की फोटोतसुद्धा तेवढं स्पष्ट दिसत नाही. जगभरच्या सर्जनांनी हे पुस्तक डोक्यावर घेतलं. पेर्नकोफ १९३३ पासून नाझी पक्षाचे सभासद. १९३८ साली ऑस्ट्रिया जर्मनीत विलीन झाल्यावर ते वैद्यक विद्याशाखेचे अधिष्ठाता झाले, आणि १९७ अध्यापकांपैकी १५३ जणांना बाहेर जावं लागलं. एरिश लेपियर हा त्यांचा चित्रकार सहीत स्वस्तिक काढायचा, आणखी दोघे एस्एस्च्या खुणा. पुढच्या आवृत्त्यांत प्रकाशकांनी त्या खुणा पुसून टाकल्या. पुसल्या याचा अर्थ कुणाच्या तरी नजरेला त्या खुपल्या होत्या. खुपल्यावर त्याने देह कुणाचे असं विचारलं नाही, रबर घेतलं.

तो प्रश्न विचारला अमेरिकेतल्या हॉवर्ड इस्रायल या तोंडाच्या शल्यचिकित्सकाने आणि कॅनडातल्या विल्यम साइडलमन या डॉक्टराने, १९९५ च्या सुमारास. इस्रायल यांनी स्वतः वर्षानुवर्षं हे पुस्तक वापरलं होतं. यरुशलेमच्या याद वाशेम या स्मारकसंस्थेने विचारणा केली, तेव्हा व्हिएन्ना विद्यापीठाने चौकशी नेमली. १९९८ साली अहवाल आला. नाझी काळात तिथल्या शरीररचना विभागाला मृत्युदंड दिलेल्या किमान १३७७ माणसांचे देह मिळाले होते. त्यातले बरेचसे राजकीय कारणांवरून मारलेले, म्हणजे पत्रकं वाटली, विरोधात बोलले, असे. नेमकं कुठलं चित्र कुणाच्या देहावरून काढलं, ते ठरवता आलं नाही. पुस्तकाचं पुनर्मुद्रण पुढे थांबलं.

पुस्तक थांबलं, पण गरज थांबली नाही. सेंट लुइसच्या सुझन मॅकिनन नसांच्या शस्त्रक्रियेतल्या नामवंत डॉक्टर. अवघड शस्त्रक्रियेत, एखादी बारीक नस कुठून जाते ते सापडेना की त्या पेर्नकोफ उघडत. दुसऱ्या कुठल्या पुस्तकात ती इतकी नीट दिसत नाही असा त्यांचा अनुभव. इतिहास कळल्यावर त्या अस्वस्थ झाल्या आणि त्यांनी विचारलं, की टेबलावर वेदनेने तळमळणारा रुग्ण आहे, पुस्तक कपाटात आहे, मी काय करू?

उत्तर दिलं जोसेफ पोलाक या रब्बींनी. लहानपणी छळछावणीतून वाचलेले हे गृहस्थ. २०१७ साली त्यांनी जो निर्णय लिहिला त्याला व्हिएन्ना प्रोटोकॉल म्हणतात. ज्यू धर्मशास्त्रात जीव वाचवणं हे जवळजवळ सगळ्या निषेधांच्या वर आहे, त्या आधारावर त्यांनी वापराला परवानगी दिली. पण एक अट घातली. ही चित्रं काय आहेत, कुठून आली, हे सगळ्यांना माहीत असलं पाहिजे. लपवून वापरायची नाहीत. मेलेल्यांना जो थोडासा सन्मान देता येतो तो या सांगण्यातून.

आम्हाला हे उत्तर फार आवडतं, आणि ते तडजोडीचं आहे म्हणून नाही. आपण नेहमी दोनच दारं पाहतो, जाळा किंवा विसरा. पुस्तक जाळलं तर मेलेल्यांचा शेवटचा मागही जळतो. खुणा पुसून वापरलं तर त्यांना दुसऱ्यांदा मारल्यासारखं होतं. पोलाक म्हणतात, नस दाखवणाऱ्या चित्राबरोबर माणूसही दिसू द्या. पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्याला त्याने थोडं जड वाटेल. वाटू दे.

आपल्या मेडिकल कॉलेजांतही १९४९ च्या मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियमानुसार बेवारस देह शिकवायला जातात. व्हिएन्नाशी त्याची बरोबरी करायची नाही, तिथे माणसं मारली गेली होती. पण पहिल्या वर्षाच्या टेबलावरचा माणूस 'बेवारस' कसा झाला, एवढा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात यायला हरकत नाही.

आता नावांचं. रोगांना डॉक्टरांची नावं देतात तो ज्ञानाचा भाग नाही, तो मान आहे. हान्स राइटर हे नाझी आरोग्य खात्याचे प्रमुख, बुखेनवाल्डमधल्या लसींच्या प्रयोगांत गुंतलेले. सांधेदुखीच्या एका प्रकाराला त्यांचं नाव होतं, आता त्याला रिअ‍ॅक्टिव्ह आर्थरायटिस म्हणतात. एका मेंदूविकाराला युलियस हालरफोर्डन यांचं नाव होतं. मारलेल्या मनोरुग्णांचे मेंदू त्यांनी अभ्यासाला घेतले होते. तेही नाव मागे पडलं. यात आम्हाला वाद दिसत नाही. नाव काढल्याने रोगाबद्दलची एकही माहिती कमी होत नाही.

अ‍ॅस्पर्जर यांचं प्रकरण मात्र वेगळं आहे. हान्स अ‍ॅस्पर्जर पक्षाचे सभासद नव्हते, बरीच वर्षं त्यांना मुलांचे तारणहार मानलं गेलं. २०१८ साली हेर्विग चेक या इतिहासकाराने जुन्या फायली उघडल्या. व्हिएन्नाच्या श्पीगेलग्रुंड या संस्थेत शेकडो अपंग मुलं मारली गेली, आणि तिथे मुलं पाठवणाऱ्या कागदांवर अ‍ॅस्पर्जर यांची सही निघाली. आता अडचण अशी, की हे नाव नुसतं पुस्तकात नाही. कित्येक माणसांनी ते स्वतःची ओळख म्हणून घेतलंय. शाळेत सगळे विचित्र म्हणत होते, या शब्दाने आपल्याला आपण कळलो, असं म्हणणारे लोक आहेत. त्यांना 'हे नाव टाका' असं बाहेरून सांगणं आम्हाला जमत नाही. फाईल त्यांच्यासमोर ठेवावी, निर्णय त्यांचा.

त्याच श्पीगेलग्रुंडमधले डॉक्टर हाइनरिश ग्रोस. मारलेल्या मुलांचे मेंदू बरण्यांत ठेवून युद्धानंतरही ते त्यांवर शोधनिबंध लिहीत राहिले. ऑस्ट्रियाने १९७५ साली त्यांना विज्ञानासाठी मानचिन्ह दिलं. खटला २००० साली उभा राहिला तेव्हा स्मृतिभ्रंशाचं कारण सांगून थांबला. मुलांचे अवशेष पुरले गेले २००२ साली. त्या निबंधांतलं एखादं निरीक्षण अचूकही असेल. तरी ते उद्धृत करताना लेखकाच्या नावापाशी थांबायचं आणि मुलाचा उल्लेख करायचा नाही, हे आता चालू नये. पेर्नकोफला लावली तीच अट इथेही लागू करायला हवी.

आणि तीच इरावतीबाईंच्या प्रबंधालाही. त्यांना देवी करायचं कारण नाही आणि आरोपीही करायचं कारण नाही. पुण्याला परत आल्यावर त्यांनी मोजपट्टी टाकली नाही. वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांच्या शरीरमापांवर १९५१ साली पुस्तक काढलं. फिशर यांच्याकडे शिकलेलं तंत्र हातात राहिलं. पण त्यातून त्यांना दिसलं ते उलटं. एका नावाखाली येणाऱ्या जातीसुद्धा एका कुळातल्या असतात असं नाही, हे त्या मांडत राहिल्या. तेव्हा त्यांचा प्रबंध आपण अभिमानाने सांगू या, पण सांगताना १४९ या आकड्याशी थांबू नये. त्या १४९ माणसं होत्या.

आता त्या इमारतीचं सांगतो आणि थांबतो. इनेस्ट्रासे २२ मध्ये आता बर्लिनच्या मुक्त विद्यापीठाचा राज्यशास्त्र विभाग आहे. २०१४ साली जवळच खोदकाम चालू असताना हाडं सापडली. पहिली हाडं धड तपास न होताच जाळली गेली, त्यावरून गदारोळ झाला. मग पुरातत्त्वज्ञांनी रीतसर उत्खनन केलं. सुमारे १६,००० तुकडे निघाले, किमान ५४ माणसांचे. काहींवर डिंकाचे डाग होते, म्हणजे ती कधीकाळी संग्रहात ठेवलेली होती. वसाहतींमधून आणलेली की आउशवित्झमधून, हा प्रश्न आला. आज डीएनए तपासणीने पुष्कळ सांगता येतं. विद्यापीठाने ज्यू, सिंती आणि रोमा, आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांच्या प्रतिनिधींना एकत्र बसवलं. त्यांनी ठरवलं, की तपासणी नको. ही माणसं कुठल्या वंशाची हे पुन्हा एकदा शोधून काढायचं, म्हणजे त्याच इमारतीतलं काम पुढे नेल्यासारखं होईल. २३ मार्च २०२३ रोजी डालेमच्या दफनभूमीत ती सगळी एकत्र, नावांशिवाय पुरली गेली.

प्रश्न असतील तर घेऊ या.